गुडघ्यासाठी गेले आणि कुल्ल्यांचा व्यायाम घेऊन आले

बाळ साडेचार महिन्यांचं होतं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी जिना उतरताना कठडा धरायला लागलेय. चढताना फारसं काही नाही, पण उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे असं काही टोचायचं की पुढचं पाऊल टाकायच्या आधी एक सेकंद मनाची तयारी करावी लागायची. त्यात कडेवर पिल्लू, म्हणजे पायाखालची पायरी दिसत पण नाही. मग उकिडवं बसून उठताना, मग तासभर खुर्चीत बसून बाळाला पाजून उठताना, असं करत करत ते दुखणं दिवसभराचं झालं.

मी काय केलं? तेच जे सगळे करतात. जेल चोळलं, नी कॅप घातली, कॅल्शियम कमी असेल म्हणून सगळ्यांनी सांगितलं ते ऐकलं, वजन उतरलं की जाईल म्हणून दीड महिना वाट बघितली. बाळंतपणानंतर एवढं चालायचंच हे वाक्य तर मी स्वतःच स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी खरंच वाटायला लागलं.

तर हा रिव्ह्यू त्या १२ आठवड्यांच्या करेक्टिव्ह एक्सरसाइज थेरपीचा, म्हणजे चुकीच्या हालचाली सुधारायच्या व्यायामांचा आहे, जी मी नंतर घेतली. सेंटरचं नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला भांडणात अजिबात रस नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू सेंटरपेक्षा त्या पद्धतीचा समजा. एकूण ९ सेशन्स, ५ समोरासमोर, ४ व्हिडिओ कॉलवर, बाकी सगळं घरी आपलं आपण.

आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे गेले होते हे महत्त्वाचं आहे, थेट व्यायामाला उड्या मारू नका. त्यांनी गुडघा इकडून तिकडून वाकवून बघितला, सूज आहे का, अडकतो का, मध्येच पाय निसटल्यासारखा होतो का, सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेला असतो ते विचारलं. सकाळचा प्रश्न का विचारला ते नंतर कळलं, संधिवाताचा एक प्रकार असतो, र्‍हुमॅटॉइड, तो प्रेग्नन्सीत बर्‍याच जणींचा शांत होतो आणि डिलिव्हरीनंतर उसळतो, आणि त्यात सकाळचा आखडलेपणा अर्धा तास, तासभर टिकतो. तसं काही नव्हतं. लिगामेंट, म्हणजे सांधा बांधून ठेवणारे पट्टे, ठीक, सूज नाही, एक्स-रेची पण गरज नाही म्हणाले. निदान काय तर पॅटेलोफिमोरल पेन, म्हणजे वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्यावर झेपत नाही एवढा भार. म्हणाले, व्यायाम हेच औषध, फिजिओ गाठा.

पहिलं सेशन पूर्ण एक तासाचं होतं आणि खरं सांगते, सगळ्या पॅकेजमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच. फिजिओ मॅडमनी पहिली वीस मिनिटं गुडघ्याला हातच लावला नाही. नुसते प्रश्न. बाळाला कुठल्या बाजूला घेता, पाजताना पाय कसे ठेवता, पाळण्यातून उचलताना वाकता कशा, दिवसातून जमिनीवरून किती वेळा उठता. मी म्हटलं मोजलं नाही, तर म्हणाल्या उद्या मोजा. मोजलं. २६ वेळा. आणि त्यातल्या बहुतेक वेळा उजवा पाय पुढे टाकून, डाव्या कडेवर बाळ घेऊन. म्हणजे तो एकटा उजवा गुडघा दिवसभर दोघांना उचलत होता आणि मी म्हणत होते की मी तर काहीच व्यायाम करत नाही मग का दुखतंय.

मग त्यांनी मला एका छोट्या स्टेपवर उभं केलं आणि एका पायावर हळूहळू दुसरा पाय खाली टेकवायला सांगितला, आणि मोबाईलवर समोरून व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ बघून मी गप्पच झाले. पाय खाली जाताना माझा उजवा गुडघा सरळ न जाता आत, डाव्या पायाच्या दिशेने कोसळत होता, कंबर एका बाजूला पडत होती आणि तळपायाची कमान चपटी होत होती. मला आतून यातलं काहीच जाणवत नव्हतं! मला वाटत होतं मी सरळ उतरतेय. मॅडम म्हणाल्या, "अहो, गुडघा बिचारा मधला माणूस आहे, वर कुल्ला काम करत नाही आणि खाली पाऊल साथ देत नाही, मग ओरडणार कोण, मधलाच."

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. जिना उतरताना वाटीमागच्या सांध्यावर आपल्या वजनाच्या साधारण तिप्पट किंवा जास्तच जोर येतो, खोल उकिडवं बसताना त्याहून कितीतरी जास्त. प्रेग्नन्सीत वजन वाढतं, पोट पुढे येतं तसा शरीराचा तोल बदलतो, चालायची पद्धत बदलते, आणि शेवटचे काही महिने आपण मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू धड वापरतच नाही. मग डिलिव्हरी, माझं सिझेरियन होतं, म्हणजे अजून काही आठवडे पडून. आणि मग एका दिवसात आपण थेट २६ उठाबशांवर येतो, हातात दर महिन्याला जड होणारं वजन घेऊन, झोप न झालेल्या अवस्थेत. आयुष्यातला सगळ्यात कमजोर काळ आणि सगळ्यात जास्त काम, दोन्ही एकदम.

रिलॅक्सिन हार्मोनचं मी विचारलं कारण जिथे वाचावं तिथे तेच. हार्मोनमुळे लिगामेंट सैल, म्हणून गुडघा दुखतो, संपलं. त्यावर मॅडम हसल्या. म्हणाल्या, रिलॅक्सिन असतं खरं पण डिलिव्हरीनंतर ते लवकर उतरतं, आणि रिलॅक्सिन जास्त म्हणजे सांधे जास्त सैल असं सरळ गणित अभ्यासांमध्येसुद्धा नीट जुळत नाही, सहा महिन्यांनी सगळा दोष त्याच्यावर टाकण्यात अर्थ नाही. मला हे आवडलं कारण हार्मोनचं आपण काही करू शकत नाही पण स्नायूचं करू शकतो.

पावलांचं मात्र खरं निघालं. माझे जुने बूट घट्ट होत होते, मला वाटलं सूज असेल. आयोवा युनिव्हर्सिटीचा २०१३ चा एक अभ्यास आहे, ४९ बायकांची पावलं प्रेग्नन्सीच्या सुरुवातीला आणि डिलिव्हरीनंतर पाच महिन्यांनी मोजली तर ६० ते ७० टक्के जणींची पावलं लांब रुंद झालेली, लांबी २ ते १० मिलिमीटरपर्यंत वाढलेली, आणि कमान खाली बसलेली. म्हणजे बूट बदला गं बायांनो, जुन्या बुटात पाय कोंबून चालू नका.

पोट पण तपासलं. पाठीवर झोपून डोकं थोडं उचलायचं आणि बेंबीपाशी बोटं ठेवून पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधली फट बघायची, माझी अडीच बोटं होती. गुडघ्याच्या सेशनमध्ये पोट कशाला असं मला वाटलं, पण उचलताना पोट साथ देत नसेल तर श्वास रोखून जोर लावला जातो आणि सगळं खालच्या अंगावर येतं. म्हणून प्रत्येक उचलण्याआधी श्वास सोडायचा, ओटीपोटाचे खालचे स्नायू वर ओढल्यासारखे करायचे, मग उठायचं. फुंकर घालत उठायचं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ही एक सवय माझ्यासाठी अर्ध्या व्यायामांच्या बरोबरीची ठरली.

आता व्यायाम. पहिले दोन आठवडे मला इतका वैताग आला काय सांगू. दुखतंय गुडघा आणि हे मला कुशीवर झोपवून गुडघे शिंपल्यासारखे उघड-मीट करायला लावतायत, क्लॅमशेल म्हणतात त्याला. मग ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं. मग कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं. गुडघ्यासाठी म्हणून फक्त एकच, पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून उचलणं. मी घरी येऊन नवर्‍याला म्हटलं, गुडघ्यासाठी गेले आणि कुल्ल्यांचा व्यायाम घेऊन आले, पैसे गेले पाण्यात.

पण मग मी थोडं वाचलं. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या ऑर्थोपेडिक विभागाची या दुखण्यासाठी २०१९ ची गाइडलाइन आहे, तीत स्पष्ट आहे की कुल्ला आणि गुडघा दोन्हीचे व्यायाम एकत्र द्या, आणि सुरुवातीच्या काळात कुल्ल्याला झुकतं माप दिलं तरी चालेल, कारण गुडघा चिडलेला असताना त्याच्यावर थेट भार टाकला की तो अजून चिडतो. म्हणजे मॅडम बरोबर होत्या, फक्त हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगायला हवं होतं.

क्लॅमशेलबद्दल एक, हा दिसतो सोपा आणि नव्वद टक्के वेळा चुकतो. गुडघा वर उघडताना आपण नकळत अख्खी कंबर मागे लोळवतो आणि मग कुल्ल्याला कामच उरत नाही. मॅडमनी मला भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून करायला लावलं, आणि मग दहाव्यालाच कुल्ल्याच्या बाजूला अशी आग आग झाली की कळलं आत्तापर्यंत मी नुसती हलत होते. ब्रिजमध्ये पण तेच, मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा कुल्ल्याच्या जवळ आणा.

तिसर्‍या आठवड्यापासून मिनी बँड, म्हणजे मांड्यांभोवती घालायचा ताणणारा गोल पट्टा आला, चौथ्यापासून उभं राहून, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला टेकून अर्धं बसणं, टाचा उचलणं. सहाव्यापासून ती स्टेप, आधी चार इंचाची, मग सहा, मग आठ. आरशासमोर उभं राहून गुडघा पायाच्या दुसर्‍या बोटाच्या रेषेत ठेवायचा, आत पडला की तो मोजायचा नाही. आठव्या आठवड्यापासून वजन म्हणून काय, तर पिल्लूच. ते साडेआठ किलोचं, त्याला छातीशी धरून खुर्चीवरून उठ-बस. त्याला वाटतं झोका चाललाय, खिदळतं. हा एक व्यायाम मी एकदाही चुकवला नाही.

दुखण्याचा नियम मला फार उपयोगी पडला. ० ते १० मध्ये ३ पर्यंत दुखलं तर चालेल, करत राहा, पण व्यायाम झाल्यावर ते उतरलं पाहिजे आणि दुसर्‍या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त नको. जास्त असेल तर व्यायाम बंद नाही करायचा, संख्या किंवा उंची कमी करायची. याआधी मी जरा दुखलं की घाबरून चार दिवस पडून राहायचे, मग बरं वाटलं की एकदम सगळी कामं काढायचे, मग परत दुखायचं. ते चक्र या आकड्याने मोडलं. आणि गुडघ्यातून येणारा कटकट आवाज, तो दुखत नसेल तर सोडून द्या, माझा अजूनही येतो.

आता तक्रारी, आणि कमी नाहीत.

पहिली म्हणजे घरचा चार्ट. ४५ मिनिटांचा! सहा महिन्यांचं बाळ असलेल्या बाईला सलग ४५ मिनिटं? मला आंघोळीला १० मिनिटं सलग मिळत नव्हती. पहिल्या आठवड्यात मी ७ पैकी २ दिवस केलं आणि अपराधी वाटून घेतलं, दुसर्‍या सेशनला खोटं बोलले की केलं सगळं. तिसर्‍यात खरं सांगितलं तेव्हा मॅडमनी चार्ट तोडून तीन तुकडे केले, डायपर बदलल्यावर दोन, बाळ पोटावर पडून खेळत असताना जमिनीवरचे, आणि दूध पाजून उठताना खुर्चीवरचे. मग जमलं. पण हे सुरुवातीलाच करायला काय हरकत होती? बाळंतपणानंतरचा प्रोग्राम म्हणून विकता आणि त्यात बाळच धरलेलं नाही. वर त्यांचं ॲप रोज पहाटे सहाला रिमाइंडर द्यायचं, रात्रभर जागून नुकता डोळा लागलेला असताना. दुसर्‍याच दिवशी उडवलं.

दुसरी, मशिनं. दोन सेशन्समध्ये मला वीस वीस मिनिटं अल्ट्रासाउंड आणि करंटचं मशीन लावलं. छान वाटतं, कोणीतरी आपल्याला पडून राहू देतंय म्हणून. पण त्याच २०१९ च्या गाइडलाइनमध्ये या दुखण्यासाठी असली मशिनं वापरू नका असंच लिहिलंय, आणि नी कॅपबद्दल पण तेच, देऊ नका. टेपिंगला, म्हणजे वाटीभोवती चिकटपट्टी लावण्याला, थोडी जागा आहे, सुरुवातीचे चारेक आठवडे दुखणं कमी ठेवून व्यायाम करता यावा म्हणून. मी चौथ्या सेशनला स्पष्ट म्हटलं, मशीन नको, तो वेळ मला स्टेपवर द्या. दिला, वाद नाही घातला, पण न बोलणारीचे तर सगळे सेशन मशीनखालीच गेले असते.

तिसरी तक्रार जरा गंभीर. पाचव्या सेशनला मॅडम नव्हत्या, बदली एक ट्रेनर होता, त्याने मला उभं बघून लगेच सांगितलं की तुमचं पेल्विस, म्हणजे कमरेखालचं हाड, सरकलंय, एक पाय छोटा झालाय, हे बसवून घेतल्याशिवाय गुडघा कधीच बरा होणार नाही, अजून १० सेशन लागतील. मी घरी येऊन रडले. रात्री झोप नाही, दिवसा अंगावर दूध पिणारं बाळ, आणि आता माझं हाड सरकलंय. पुढच्या वेळी मॅडमना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, असं काही हाड सरकत नाही, तुम्ही एका पायावर भार देऊन उभ्या राहता इतकंच. त्या करेक्टिव्ह शब्दातच थोडा घोळ आहे असं माझं मत झालंय. करेक्ट करायचं म्हणजे आपण बिघडलेलो आहोत हे आधी मान्य करावं लागतं, आणि बाळंतीण बाई हे पटकन मान्य करते. बिघडलेलं काही नव्हतं, कमजोर होतं.

त्याच आठवड्यात मी स्वतःहून पण एक मूर्खपणा केला. जरा बरं वाटत होतं म्हणून घरीच व्हिडिओ लावून उड्यांचा वर्कआउट केला, वीस मिनिटं. दुसर्‍या दिवशी गुडघा ६ वर, वर खोकताना लघवीचे थेंब पण. मॅडम ओरडल्या नाहीत, दोन आठवडे मागे नेलं चार्टला आणि उड्या बंद. बाळंतपणानंतर परत पळायला लागण्याबद्दल २०१९ मध्ये ब्रिटिश फिजिओंनी जे मार्गदर्शन लिहिलंय त्यात पण पहिले तीन महिने तर पळणं नाहीच, नंतरही लघवी गळणं, ओटीपोटात जड वाटणं असलं काही असेल तर आधी ते बघा असं आहे. माझे ते तीन महिने कधीच उलटून गेले होते पण बाकीचं तयार नव्हतं.

निकाल काय? सहाव्या आठवड्यापर्यंत मला विशेष फरक वाटत नव्हता, हे प्रामाणिकपणे लिहिते कारण बर्‍याच जणी इथेच सोडतात. दुखणं कमी झालं सातव्या-आठव्याच्या आसपास, आणि तेही मला कळलं नाही, नवरा म्हणाला तू कठडा सोडलास. बाराव्या आठवड्यात आठ इंचाच्या स्टेपवरून उजव्या पायाने सलग १५ वेळा उतरले, गुडघा रेषेत, दुखणं १. पहिल्या दिवशी चार इंचावर ५ होतं. मॅडमनी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून दाखवले, तेव्हा जरा भरून आलं. जमिनीवरून बाळाला घेऊन उठणं आता आलटून पालटून, एकदा उजवा पाय पुढे, एकदा डावा. खोल उकिडवं बसून जास्त वेळ काही करत राहिले तर अजून कुरकुरतो, आणि ज्या आठवड्यात व्यायाम राहतो त्या आठवड्यात आठवण करून देतोच. वजन म्हणाल तर १२ आठवड्यांत फक्त दीड किलो उतरलं, तरी गुडघा सुधारला. तेव्हा वजन उतरेपर्यंत थांबते म्हणणारीला माझ्याकडून सांगा, थांबू नकोस.

कोणी घ्यावी? जिना उतरताना, उकिडवं बसताना, बराच वेळ बसून उठताना वाटीच्या मागे किंवा भोवती दुखतं, पण सूज नाही, अडकत नाही, अशा बाईने जरूर. पण एका पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, तर व्यायाम वगैरे विसरा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका खूप वाढलेला असतो आणि नंतरही काही आठवडे थोडा राहतो, सिझेरियनवाल्यांनी तर जास्तच लक्ष ठेवायचं. गुडघा सुजून लाल, गरम झालाय, ताप आहे, तरी तेच.

स्टार म्हणाल तर पहिल्या तपासणीला पाच, मॅडमना पाच, मशीनला शून्य, त्या बदली ट्रेनरला शून्यच्या खाली काही असेल तर ते, ॲपला एक. पॅकेज घेताना तीन गोष्टी आधीच विचारून घ्या, तपासायला तीच व्यक्ती दर वेळी असणार का, घरचा चार्ट जास्तीत जास्त किती मिनिटांचा, आणि मशीन नको म्हटलं तर तो वेळ कशाला मिळेल. आणि मिनी बँड घेताना कापडी घ्या, माझा रबरी दहाव्या आठवड्यात क्लॅमशेल करता करता फट्कन तुटला, शेजारी झोपलेलं पिल्लू दचकून उठलं आणि त्या दिवशीचा व्यायाम तिथेच संपला.